महिषासुर मरायला तयार नाही

हर्षाली गतीरनं आयुष्यात न वाचता मान्य केलेला कागद एकच, तो म्हणजे तिचा जन्मदाखला. तोही चौथीत असताना तिनं वाचला, त्यात दोन चुका काढल्या आणि बापाला इगतपुरीच्या कचेरीत तीन हेलपाटे घालायला लावून त्या दुरुस्त करून घेतल्या. अशा बाईपुढं चौदा पानांचा करार ठेवून ‘खाली फक्त सही कर, बाकी सगळी फॉरमॅलिटी आहे’ म्हणणारा माणूस एकतर वाघाच्या काळजाचा असावा, नाहीतर परगावचा. सुयश दोन्ही नव्हता. तो तिच्याच कॉलेजात, तिच्या मागच्या बाकावर चार वर्षं बसलेला. त्यामुळं त्याला माफी नव्हती.

पण करार कळायचा तर आधी मेलेली पेटी कळली पाहिजे.

पेठच्या डोंगरात उंबरपाडा नावाचा पाडा आहे. तिथं होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे बांधून माणसं सांबळाच्या ठेक्यावर गल्लीतून नाचत येतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडं, बापाकडून लेकाकडं आलेला. गोची एकच. नेमक्या त्याच दिवसांत दिंडोरीकडं द्राक्षांचा खुडा सुरू असतो आणि अर्धा पाडा तिकडच्या बागांत मजुरीला गेलेला असतो. देव डोंगरात, भक्त बागेत. म्हणून पाड्यानं वर्गणी काढून एक व्हिडिओची पेटी आणली होती. तिला चार कॅमेरे जोडायचे, ती चौघांचं मिळून एक चित्र करते आणि मोबाईलवर पाठवते. मग द्राक्षांच्या वेलाखाली बसूनही आपला देव नाचताना दिसतो.

दोन वर्षं ती पेटी गुणानं वागली. गेल्या वर्षी हिरण्यकश्यपूनं खांबाला लाथ मारली, खांब दुभंगला, सांबळ कडकडला, नृसिंहाचा पंजा बाहेर आला, आणि अकराशे मोबाईलवर एकदम अक्षरं उमटली, ‘परवाना संपला आहे. नूतनीकरणासाठी कंपनीशी संपर्क साधा.’ कंपनी तर सहा महिन्यांपूर्वीच बंद पडलेली. दिंडोरीच्या बागांत त्या वेळी इतक्या जणांनी एकदम श्वास सोडला की वेलांची पानं उलटी झाली. कुणीतरी रागानं मोबाईल भिरकावला, तो क्रेटमध्ये पडला, आणि महिन्याभरानं हॉलंडात तो क्रेट उघडला तेव्हा द्राक्षांत मोबाईल निघाला. बॅटरी एक टक्का उरली होती आणि पडद्यावर अजून तेच वाक्य होतं. हे ज्यानं सांगितलं तो स्वतः हॉलंडला गेलेला नाही, पण द्राक्षं तर गेली होती ना!

ती मेलेली पेटी पंच्यात बांधून मंगळू एके सकाळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर हर्षालीनं थाटलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यात येऊन उभा राहिला. मंगळू उंबरपाड्यातला महिषासुराचा मानकरी. उंची जेमतेम पाच फूट, पण मुखवटा बांधला की साडेसात.

“ताई, ह्यो मेला,” पेटी टेबलावर ठेवत तो म्हणाला. “कशानं मेला तेवढं सांगा. मंग जाळायचा का पुरायचा ते आमी बघू.”

हर्षालीनं स्क्रू काढले. शेजारी निवृत्तीकाका दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर चढवून वाकले. काकांनी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं विमानांच्या पोटातल्या तारा बांधल्या होत्या. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून ते रोज बसनं हर्षालीच्या गाळ्यात येत आणि तिच्याच खुर्चीत बसून तिला कामाला लावत.

पेटीच्या मधोमध काळी चौकोनी चिप होती. चिपवर नाव असतं, नंबर असतो. इथं मात्र कुणीतरी पॉलिश पेपरनं घासून सगळं पुसलेलं होतं.

“नाव खरवडलंय,” हर्षाली म्हणाली.

“कुनी?”

“ज्यांनी बनवली त्यांनी. आपल्याला कळू नये म्हणून.”

मंगळूनं त्या काळ्या चौकोनावरून बोट फिरवलं. “चोरीच्या बैलाचा डाग असा घासत्यात,” तो म्हणाला. “आमी पैसं देऊन घेतलेला बैल, त्याचा डाग कामून घासला?”

हर्षालीनं पेटी बंद केली आणि म्हणाली, “पुढच्या बोहाड्याला नवी पेटी. आपण करायची. तिचा नकाशा, तिचा प्रोग्राम, सगळं उघडं. ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावं. मेली तर पाड्यातच जिवंत झाली पाहिजे, माझ्याकडं यायला लागता कामा नये.”

“असं केलं तर तुझा धंदा कसा चालायचा गं?” काकांनी विचारलं.

“तुम्ही माझी खुर्ची सोडलीत तर चालेल.”

आता अशा पेटीचा सगळा जीव चिपमध्ये असतो. आणि ही चिप साधी नसते. साधी चिप जन्मते तशीच मरते. कॅलक्युलेटरची चिप काही केल्या रेडिओ होत नाही. ही कोरी जन्मते. तुम्ही प्रोग्राम लिहून आत घालाल तसं तिचं काम. हे हर्षालीनं समजावलं तेव्हा मंगळू खूश झाला. “म्हंजे ही पन सोंगाडीच! मुखवटा देऊ तसं नाचनार!”

शोधता शोधता दोन चिपा उरल्या. पहिली एवढी वेगवान की चार काय, आठ कॅमेरे एका वेळी खेळवील. दुसरी जुन्या वळणाची, संथ. तिला निवृत्तीकाकांनी ‘डांगी’ नाव ठेवलं, कारण डांगी बैल धावत नाही, पण इगतपुरीच्या पावसात चार महिने चिखलात उभा राहून नांगर ओढतो आणि तक्रार करत नाही. डांगीचं चौदाशे बासष्ट पानांचं पुस्तक कुणालाही फुकट मिळत होतं. आतली प्रत्येक खोली, प्रत्येक दार, कुठली कडी कुठं लागते, सगळं छापलेलं. तिच्यात प्रोग्राम घालायची साधनंही खुली. दोष एकच, पण मोठा. दोन कॅमेऱ्यांपर्यंत ती ठीक चाले. तिसरा जोडला की चित्र अडखळे, आणि चौथा जोडला की गणपतीची सोंड एका जागी आणि गणपती दुसऱ्या जागी दिसे.

आणि उंबरपाड्याच्या गल्लीला चार कॅमेरे हवेतच. सोंग येतं एका टोकानं, नाचतं मधे, जातं तिसरीकडून, आणि देवी बसलेली असते मंदिरात.

बोहाडा दीड महिन्यावर आला तेव्हा सुयश आला. वेगवान चिपच्या कंपनीचा माणूस म्हणून आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात डबी. डबीत मखमल, मखमलीवर चिप.

“हर्षू, पन्नास नग फुकट. आमच्याकडून. गावाचं काम आहे म्हणून मी साहेबांना पटवलं,” तो म्हणाला. आणि खरंच पटवलं होतं, माणूस वाईट नव्हता. “फक्त हा करार.”

हर्षाली वाचायला बसली. सुयशनं दोन चहा घेतले. मंगळूही त्या दिवशी आलेला होता, पेटी किती झाली ते बघायला. तो जमिनीवर उकिडवा बसून मखमलीकडं पाहत होता. नवव्या पानावर हर्षालीचं बोट थांबलं.

“चिपची आतली माहिती आम्ही कुणाला द्यायची नाही.”

“स्टँडर्ड आहे.”

“पेटीचा नकाशा छापायचा नाही.”

“अगं, त्यात आमची माहिती येते ना.”

“आणि दर वर्षी चिप तुमच्या कंपनीला विचारणार, मी चालू राहू का?”

“ते सेफ्टीसाठी. एका सेकंदाचं काम. कळतसुद्धा नाही.”

“नृसिंहाला कळलं होतं,” हर्षाली म्हणाली.

मंगळू उठला. त्यानं हात धोतराला पुसले आणि डबीकडं बोट केलं. “साहेब, ही उलटी करून दावा.”

सुयशनं चिप उलटी केली. खाली सोनेरी ठिपके होते.

“तसं नाय. आतून.”

“आतून कसं दाखवणार मामा? ती बंद असते.”

मग मंगळूनं सांगितलं. उंबरपाड्यात कुठलंही सोंग नाचण्याआधी मुखवटा मारुतीपुढं उलटा ठेवतात, तोंड खाली आणि पोकळी वर. पाड्यातली वडीलधारी बाई आत हात फिरवते. मगच तो डोक्याला बांधायचा, एरवी नाही. याला कारण झालं होतं. मंगळूच्या आज्याच्या वेळी वेताळाच्या मुखवट्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, आणि कुणी न बघता तो बांधला. त्या दिवशी वेताळ असा नाचला, असा नाचला की सात पाड्यांतली माणसं पाया पडली, नारळांचा ढीग झाला, आणि दुसऱ्या गावचा भगत आपला धंदा सोडून शेतीला लागला. वेताळ आपला आत बोंबलत होता, “सोडवा रं मला!” आणि बाहेर लोक म्हणत होते, देव बोलतोय.

निवृत्तीकाका हसून हसून खोकले. सुयशही हसला, पण हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं, “पण मामा, आत बघून तुम्हाला काय कळणार?”

मंगळूनं डबी सुयशपुढं सरकवली.

“मला नाय कळनार,” मंगळू म्हणाला. “हिला कळंल. हिला नाय कळलं तं ह्या काकाला कळंल. पन तू उलटा तं कर.”

हर्षालीनं करार बंद केला. पहिलं पान पालथं घातलं. मागची बाजू कोरी होती, छान जाड, गुळगुळीत कागद. तिनं पेन्सिल घेतली, मधोमध एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, ‘डांगी’.

“हे काय करतेस?” सुयश म्हणाला.

“नकाशा काढतेय. तुमचा कागद चांगला आहे. चौदा पाठी आहेत, पुरतील.”

“हर्षू, ती चिप चार कॅमेरे नाही ओढणार. मी पैज लावतो.”

“ओढेल.”

“कशी?”

“ते मला माहीत नाही. पण ती का ओढत नाही हे मला पुस्तकात वाचता येतं. तुझी ओढेनाशी झाली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? तुझ्या?”

सुयश डबी घेऊन गेला. करार न्यायचं विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढचे वीस दिवस डांगीनं हर्षालीचा जीव खाल्ला. तिसरा कॅमेरा लावला की अडखळणं सुरू. काका पुस्तक वाचत राहिले. ओझरला विमानाची पुस्तकं वाचायची सवय. एक ओळ सोडली तर विमान पडतं या भीतीनं ते मुखपृष्ठावरचा पत्तासुद्धा वाचत. हर्षालीनं चित्र लहान करून पाहिलं, रंग कमी करून पाहिले, एकदा तर चिपला शिव्या घालून पाहिल्या. शेवटी तिनं मंगळूला फोन लावला आणि विचारलं, “मला तुमचं शेवटचं युद्ध नीट सांगा. कोण, कुठून, कधी येतं?”

“देवी आदी देवळात बसलेली. मी खालून येतो. मी नाचतो तवा ती हालत नाय. मंग ती उठती, तवा मी थांबतो.”

“दोघं एकदम नाचत नाहीत?”

“एकदम कशी नाचतील ताई? सांबळ एकच हाय ना!”

हर्षालीनं फोन न ठेवताच खुर्ची मागं सारली. सांबळ एकच. गल्लीत जो नाचतो तोच नाचतो, बाकीचे आपली पाळी येईस्तोवर उभे असतात. मग चारही कॅमेऱ्यांचं पूर्ण चित्र हवं कुणाला? जो नाचतोय त्याचं चित्र पूर्ण, बाकी तिघांचं सेकंदाला एकदा, फक्त उभे आहेत ना तेवढं पाहायला. त्यासाठी चिपच्या आतली साठवणीची जागा आपल्या मर्जीनं वाटता आली पाहिजे.

“बाराशे तेरावं पान,” काका पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले. “जागा कशी वाटायची त्याचा तक्ता आहे. परवाच वाचला. तू विचारलं नाहीस.”

“काका!”

“ओझरला विचारल्याशिवाय बोलायची पद्धत नव्हती.”

डांगीनं चार कॅमेरे ओढले. चौदा पाठींवरचा नकाशा पुरा झाला, झेरॉक्स निघाल्या, ज्यानं मागितली त्याला मिळाली. कागद जाड असूनही समोरचं शाईचं ‘कॉन्फिडेन्शियल’ झेरॉक्समध्ये उलटं, फिकट उमटलं होतं. त्यामुळं नकाशाला आणखीच शोभा आली. एक झेरॉक्स पेठच्या एसटी स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या राजूनं आपल्या टपरीत लक्ष्मीच्या फोटोशेजारी चिकटवली.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी काका पेटीपाशी उंबरपाड्यात होते आणि हर्षाली दिंडोरीच्या बागेत. पाठवणाऱ्यानं पाहून काय कळतं? पाहायचं तर पाहणाऱ्यांत बसून. मंगळूची बायको कमळाबाई तिथल्या टोळीची मुकादम. तिनं मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, “आमचा रेडा मरंपरयंत कात्री बंद.” चाळीस बायकापुरुष उलट्या क्रेटांवर बसले होते, मधे हर्षालीचा मोठा मोबाईल वेलाच्या तारेला टांगलेला.

चित्र स्वच्छ होतं. महिषासुर खालून आला. शिंगांना झेंडूच्या माळा, लाल डोळे, सांबळाचा कडकडाट. बायकांनी तोंडाला पदर लावले. कमळाबाई म्हणाली, “आज बरा नाचतोय मेला.”

आणि पडदा काळा झाला.

चाळीस माना हर्षालीकडं वळल्या. गेल्या वर्षीचं वाक्यच तेवढं यायचं बाकी होतं. तिच्या दुसऱ्या मोबाईलवर सुयशचा मेसेज आला, ‘पाहतोय. काळं झालं. अजून उशीर नाही झाला, बोलूया.’

तिनं लिहिलं, ‘पाहत राहा.’ आणि काकांना फोन लावून स्पीकर चालू केला.

“काका, काय झालं?”

“नारळ झाला!” काका ओरडले. मागं सांबळ वाजतच होता. “देवी उठायच्या आधी नारळ फोडतात ना! कुणाला तरी वाटलं, पेटीपण या वर्षी नवी, तिचाबी मान. पेटीपुढंच फोडला. सगळं पाणी जाळीतून आत!”

बागेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. “म्हंजे मान पोचला,” ती समाधानानं म्हणाली.

“किती वेळ लागेल?” हर्षालीनं विचारलं. “युद्ध संपेल ना तोवर!”

“संपतंय कुठलं! देवीनं दोनदा त्रिशूळ मारला. मंगळू पडायलाच तयार नाही!”

“म्हणजे?”

“मुखवट्यातून ओरडतोय, चित्र चालू होत नाही तोवर मी मरनार नाय! देवी म्हणतेय मर, हा म्हणतोय नाय! आता पळाला. देवी मागं. सांबळवाला दोघांच्या मागं. गल्ली सोडली त्यांनी!”

कमळाबाईनं मोबाईलकडं तोंड केलं. “मी वळखते त्याला. जेवायला बोलावलं तरी येळेवर येत नाय, मरायला काय येनार!”

चाळीस जण खदाखदा हसले आणि हर्षालीनं फोन तोंडाजवळ आणला. “काका, पेटी उघडा. पाणी—”

“मला उघडावीच लागली नाही. तो राजू उघडतोय. जत्रेत टपरी लावलीय त्यानं. नकाशा घेऊन पळत आला. आरोग्याच्या कामाला आलेल्या आशाताईच्या पिशवीतलं स्पिरिट घेतलं, कापसानं बोर्ड पुसला. म्हणतोय, वीज आत येते तिथला एक भाग जळलाय, नकाशात त्याचा नंबर आहे. आता खेळण्यांच्या दुकानातली फिरत्या दिव्यांची पेटी फोडतोय, तसलाच भाग आहे म्हणे आत... महिषासुराची दुसरी फेरी झाली! शाळेला वळसा घालून आले! देवी दमली, एका हातानं लुगडं धरलंय, पण सोडत नाही!”

असं म्हणतात की त्या सकाळी महिषासुर पाऊण तास जिवंत राहिला. उंबरपाड्याच्या इतिहासात याआधी तो सात मिनिटांवर कधी टिकला नव्हता. तिसऱ्या फेरीला त्यानं ओढा ओलांडला आणि पलीकडच्या पाड्यातल्या लोकांनी आपल्याकडं कुठलं सोंग आलं म्हणून ओवाळलं. खरा महिषासुर एवढा पळाला असता तर पुराणच वेगळं झालं असतं.

मग तारेला टांगलेला मोबाईल उजळला.

आधी देऊळ दिसलं, मग गल्ली, मग घामानं निथळणारी देवी, आणि तिच्यासमोर शिंग एकीकडं कललेला महिषासुर. त्यानं कॅमेऱ्याकडं पाहिलं. चित्र आलं अशी कुणीतरी त्याला खूण केली असणार. त्यानं दोन्ही हातांनी मुखवटा डोक्यावरून काढला, उलटा केला आणि त्याची पोकळी कॅमेऱ्यापुढं धरली. आत घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, चिंध्यांची गादी आणि घामाचे डाग. दिंडोरीतल्या चाळीस जणांनी ते नीट पाहिलं. मग त्यानं तो परत बांधला, देवीपुढं छाती काढून उभा राहिला, त्रिशूळ लागला, आणि असा कोसळला की धुरळ्यानं एक कॅमेरा भरून गेला.

तेवढ्यात हर्षालीला चित्राच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं दिसली. ‘राजू मोबाईल, एसटी स्टँडसमोर, पेठ. सर्व प्रकारची दुरुस्ती.’

तिनं काकांच्या फोनवरून राजूला बोलावून घेतलं. “राजू, चित्रात तुझं नाव कुणी टाकलं?”

“ताई, प्रोग्राम उघडाच होता ना!” पलीकडून आवाज आला, जराही न चाचरता. “पाच मिन्टं लागली. पुसू का?”

हर्षाली बोलणार होती. तोच सुयशचा मेसेज आला, ‘हा राजू कोण?’

तिनं त्याला उत्तर लिहिलं, ‘पेठला असतो. तुमच्या पन्नास नगांना लागला तर पत्ता चित्रात आहे.’ मग फोनवर राजूला म्हणाली, “राहू दे. पण ‘दुरुस्ती’ जरा मोठ्या अक्षरात लिही.”

कमळाबाई क्रेटावरून उठली, पदर खोचला आणि कात्री हातात घेतली. “चला गं,” ती म्हणाली. “मेला एकदाचा. उठा, घड भरा.”